ग्लॉस : तकाकी, टीप आणि सारवासारव

‘शब्दांविषयी विचारा’ या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी काही पत्रे योगायोगाने ‘ग्लॉस’ या एकाच इंग्रजी शब्दाभोवती फिरणारी निघाली. पत्रलेखक वेगवेगळ्या क्षेत्रांतले आहेत, प्रश्नही वेगळे आहेत, पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर हाती असल्याशिवाय पुढच्यांचा उलगडा होत नाही. म्हणून या वेळी इतर पत्रे बाजूला ठेवून सगळी जागा या शब्दाला दिली आहे.

प्रश्न : मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. सध्याच्या पुस्तकात ‘ग्लॉस’ हा शब्द तीन ठिकाणी तीन अर्थांनी आला आहे : रेशमाच्या तकाकीसाठी, जुन्या हस्तलिखिताच्या समासातील टिपेसाठी आणि एका कंपनीने अहवालात तोट्यावर घातलेल्या पांघरुणासाठी. चकाकी दिली की दोष झाकला जातो आणि टीप दिली की अर्थ उजळतो, अशी सांगड मी मनाशी घातली आहे. ती बरोबर आहे का? — एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : सांगड सुरेख आहे, पण शब्दाचा इतिहास तिला पाठिंबा देत नाही. इंग्रजीत ‘ग्लॉस’ हा एक शब्द नसून दोन आहेत. त्यांचे लेखन सारखे, उच्चार सारखा, पण घराणी निराळी. काळजीपूर्वक केलेल्या इंग्रजी कोशांत त्यांच्या दोन स्वतंत्र नोंदी असतात. छोटे द्वैभाषिक कोश मात्र जागा वाचवण्यासाठी सगळे अर्थ एकाखाली एक रचतात आणि वाचकाला वाटते की एकातून दुसरा निघाला असावा.

तकाकीचा ‘ग्लॉस’ उत्तर युरोपातला आहे. इंग्रजी लेखनात तो सोळाव्या शतकात दिसू लागतो. त्याचे सख्खे नातेवाईक आइसलँडची भाषा, डच आणि जुनी जर्मन यांत आहेत आणि तिथे त्यांचा अर्थ ठिणगी, ज्वाळा, धगधगणे असा आहे. इंग्रजीतले ‘ग्लो’, ‘ग्लीम’, ‘ग्लिटर’ हे शब्दही याच गोतावळ्यातले. इंग्रजीतील ‘गोल्ड’ आणि संस्कृतातील ‘हिरण्य’ ज्या प्राचीन धातूपासून निघाले, त्याच्याशीही अनेक अभ्यासक या कुळाचा संबंध जोडतात. त्यांपैकी ‘गोल्ड’ आणि ‘हिरण्य’ यांचे नाते पक्के आहे, ‘ग्लॉस’चे मात्र अनुमानाचे आहे.

टिपेचा ‘ग्लॉस’ ग्रीक आहे. ग्रीक भाषेत ‘ग्लोस्सा’ म्हणजे जीभ आणि जिभेवरून भाषा. फारसीतून आपल्याकडे आलेल्या ‘जबान’ या शब्दाने हेच केले आहे. मराठीत तर ‘जबान देणे’ म्हणजे वचन देणे, इथपर्यंत तो पोचला. ग्रीकांची जीभ वेगळ्या दिशेने गेली. परक्या प्रदेशातला किंवा वापरातून गेलेला, ऐकणाऱ्याला न कळणारा शब्द, असा तिचा अर्थ झाला. अ‍ॅरिस्टॉटलने काव्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथात शब्दांचे प्रकार सांगताना रूढ शब्दाच्या समोर हा अपरिचित शब्द ठेवला आहे. होमरची महाकाव्ये ग्रीक मुले शाळेत शिकत तेव्हा त्यांतले कितीतरी शब्द बोलण्यातून केव्हाच गेलेले होते, त्यामुळे अशा कठीण शब्दांचे संग्रह करावे लागले. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास कॉस बेटावरच्या फिलिटास या कवी-पंडिताने केलेला असा एक संग्रह पुढे बराच गाजला. तोपर्यंत ‘ग्लोस्सा’ म्हणजे तो अडलेला शब्द होता. लॅटिनमध्ये गेल्यावर त्या शब्दाशेजारी लिहिलेल्या अर्थालाच ‘ग्लॉस्सा’ म्हणू लागले. अडचणीचे नाव तिच्या उपायाला मिळाले आणि अशा उपायांची यादी ती ‘ग्लॉसरी’. रघुनाथ पंडितांनी शिवकाळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देऊन रचलेला ‘राज्यव्यवहारकोश’ हा या मूळ अर्थाने ग्लॉसरीच म्हणावा लागेल, कारण दरबारात रुळलेला परका शब्द आणि त्याचा आपल्या भाषेतला अर्थ एवढेच त्याचे प्रयोजन आहे.

मध्ययुगातील युरोपात ही टीप दोन ओळींच्या मध्ये किंवा समासात लिहिली जाई. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत ठेवलेले ‘लिंडिसफार्न गॉस्पेल्स’ हे लॅटिन हस्तलिखित आठव्या शतकाच्या सुरुवातीचे आहे. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने त्यातल्या प्रत्येक लॅटिन शब्दाच्या डोक्यावर बारीक अक्षरात जुन्या इंग्रजीतला शब्द लिहिला. स्वतंत्र भाषांतर करण्याचा त्याचा हेतू नव्हता, तरी इंग्रजी भाषेत टिकून राहिलेले शुभवर्तमानांचे सर्वांत जुने भाषांतर आज तेच आहे. भाषाशास्त्राचे विद्यार्थी अजूनही असेच लिहितात. ‘मुलीने आंबा खाल्ला’ हे वाक्य परभाषेतल्या अभ्यासकासमोर ठेवायचे झाले, तर पहिल्या ओळीत मराठी, तिच्याखाली ‘मुलगी’ अधिक ‘ने’ हा कर्त्याचा प्रत्यय, मग कर्म, मग भूतकाळी क्रियापद अशी फोड आणि तिसऱ्या ओळीत सरळ भाषांतर देतात. त्या मधल्या ओळीला ‘ग्लॉस’ म्हणतात आणि ती कशी लिहावी याचे जर्मनीतल्या लाइपझिग येथे तयार झालेले नियम जगभर पाळले जातात.

आता तुमच्या तिसऱ्या अर्थाकडे, म्हणजे तोट्यावर घातलेल्या पांघरुणाकडे येऊ. गुंता खरा इथे आहे. आज कोणीही इंग्रज हा वाक्प्रचार ऐकून वर दिलेल्या चकाकीचीच कल्पना करील. पण चकाकीचा शब्द इंग्रजीत लिहिला जाऊ लागला त्याच्या कितीतरी आधी टिपेचा शब्द बदनाम झालेला होता. फ्रेंचमधून तो १३००च्या सुमारास ‘ग्लोझ’ या रूपात आला आणि थोड्याच काळात त्याला अर्थ फिरवणे, गोडगोड बोलून भुलवणे, खुशामत करणे असे अर्थ चिकटले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस चॉसर या इंग्रज कवीने ‘कँटरबरी टेल्स’मध्ये एक लोभी भिक्षू रंगवला आहे. आजाऱ्याच्या उशाशी बसून दान उकळताना तो धर्मग्रंथाच्या शब्दापेक्षा त्याच्या ‘ग्लोझ’ची थोरवी गातो, कारण नुसते अक्षर मारक असते असे आम्ही विद्वान म्हणतो, असे त्याचे म्हणणे. तेव्हाच्या वाचकांना हा विनोद कळत होता, याचा अर्थ लबाड स्पष्टीकरण ही कल्पना तेव्हा सर्वांच्या ओळखीची होती. पुढे सोळाव्या शतकात लॅटिन वळणाने या शब्दाचे लेखन बदलले आणि तो दिसायला नव्याने आलेल्या तकाकीच्या शब्दासारखाच झाला. दोष वरवर झाकण्याचा वाक्प्रचार सतराव्या शतकात रूढ झाला तो या दोन प्रवाहांच्या संगमावर. एकाकडून लबाडी आली, दुसऱ्याकडून वरवरची झळाळी.

म्हणून तुमच्या पुस्तकात तिन्ही ठिकाणी एकच मराठी शब्द योजण्याचा मोह टाळावा. रेशमाला ‘तकाकी’ योग्य आहे. ‘चकाकी’ धातूला आणि ‘तुकतुकी’ त्वचेला किंवा कोवळ्या पानाला अधिक शोभते. हस्तलिखितात ‘टीप’ किंवा ‘ओळींमधील टीप’ लिहावे. कंपनीच्या अहवालासाठी मराठीने ‘सारवासारव’ हा इतका नेमका शब्द घडवला आहे की दुसरा शोधण्याची गरज नाही. शेणाने जमीन सारवली की भेगा बुजतात, हे ज्यांनी पाहिले त्यांनीच तो घडवला असणार. ‘मुलामा देणे’ हा पर्यायही आहे, पण त्यात हलक्या वस्तूला भारी भासवण्याचा डाव असतो, तर सारवासारवीत झालेली चूक दिसू न देण्याची धडपड असते. तोट्याच्या बाबतीत मला सारवासारवच बरोबर वाटते.

प्रश्न : न्यायालयीन निकालांत, अमुक कलमावर न्यायालयाने ‘ग्लॉस’ घातला आहे किंवा ते ‘ग्लॉस’ न घालता वाचावे, असे उल्लेख येतात. निकालपत्र मराठीत लिहिताना येथे टीका म्हणावे, भाष्य म्हणावे, की मल्लिनाथी? — एक वकील वाचक, ठाणे

उत्तर : तिन्ही शब्दांत अडचण आहे, पण ती पाहण्याआधी कायद्याने या शब्दाला किती मोठे केले ते सांगितले पाहिजे.

अकराव्या शतकाच्या अखेरीपासून इटलीतील बोलोन्या येथे सहाव्या शतकातल्या रोमन सम्राट जस्टिनियनच्या कायद्यांचा अभ्यास नव्याने सुरू झाला. तिथल्या इर्नेरियस आणि त्याच्या शिष्यपरंपरेला इतिहासात ‘ग्लॉसेटर’ याच नावाने ओळखतात, कारण त्यांचे सगळे काम समासात होते. तेराव्या शतकात अकुर्सियस या पंडिताने पूर्वसूरींच्या हजारो टिपा एकत्र गुंफून एक प्रमाण संग्रह सिद्ध केला. त्याच्या प्रतींची पाने पाहण्यासारखी असतात : मध्यभागी मूळ कायद्याचा छोटा चौकोन आणि त्याला चारही बाजूंनी वेढणारा टिपांचा दाट मजकूर. पुढे युरोपातील न्यायालयांत असे वचन रूढ झाले की, जे टिपेला मान्य नाही ते न्यायालयालाही मान्य नाही. मूळ कायदा बोलतो काय यापेक्षा टीपकार म्हणतात काय, हे महत्त्वाचे ठरले.

हे आपल्याला परके वाटू नये. याज्ञवल्क्यस्मृतीवर विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्यांच्या राजवटीत, अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर, ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. सतराव्या शतकात काशीला नीलकंठ भट्टाने ‘व्यवहारमयूख’ रचला; त्याचे घराणे मूळचे पैठणचे. ‘मयूख’ हा एकाच ग्रंथावरील टीका नसून निबंधग्रंथ, म्हणजे अनेक शास्त्रवचने विषयवार एकत्र आणणारा ग्रंथ आहे, हा भेद येथे नोंदवून ठेवतो. इंग्रजी अमदानीत हिंदूंच्या वारसाहक्काचे खटले चालले तेव्हा मुंबई इलाख्यात हेच दोन ग्रंथ उघडले जात. दोघांत मतभेद असेल तर गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे ‘मयूख’ वरचढ, उरलेल्या महाराष्ट्रात ‘मिताक्षरा’. मदुरेच्या कलेक्टरचा खटला लंडनच्या प्रिव्ही कौन्सिल या तेव्हाच्या सर्वोच्च अपील न्यायालयापुढे गेला असता १८६८ साली त्याने असे ठरवले की, एखादे मत प्राचीन स्मृतींतून नीट निष्पन्न होते की नाही हे न्यायाधीशाने शोधत बसू नये. त्या प्रांतात मान्य झालेल्या परंपरेने ते स्वीकारले आहे का, एवढेच पाहावे, आणि स्पष्ट सिद्ध झालेली रूढी लिखित वचनापेक्षाही श्रेष्ठ मानावी. बोलोन्याच्या वचनाशी या निर्णयाचे साम्य उघड आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर या ग्रंथांचे व्यावहारिक महत्त्व बरेच ओसरले, तरी जुने निकाल त्यांच्याशिवाय समजत नाहीत.

आता आपले तीन शब्द. ‘टीका’ हा शब्द शास्त्रार्थाच्या दृष्टीने निर्दोष आहे. ज्ञानेश्वरांनी शके १२१२मध्ये गीतेवर जे लिहिले त्याला ज्ञानेश्वरीतच ‘टीका’ म्हटले आहे. पण आजच्या मराठीत ‘न्यायालयाने कलमावर टीका केली’ असे लिहिले तर वाचणारा न्यायालय त्या कलमावर नाराज आहे असेच समजेल. चॉसरच्या काळी इंग्रजीतल्या टिपेचे जे झाले त्याच्या जवळपासचे काही आपल्या टीकेचे झाले आहे : अर्थ उलगडणारा शब्द दोष दाखवणारा होऊन बसला. तिकडे स्पष्टीकरण खुशामतीकडे गेले, इकडे नापसंतीकडे.

‘मल्लिनाथी’ तर निकालपत्रात येऊच नये. कालिदासाच्या काव्यांवरील ‘संजीविनी’ या टीकेचा कर्ता मल्लिनाथ हा अत्यंत संयमी टीकाकार होता. मुळात नाही ते लिहीत नाही आणि अपेक्षित नाही ते सांगत नाही, अशी प्रतिज्ञा त्याने टीकेच्या आरंभीच केली आहे. मराठीने मात्र त्याच्या नावावरून शब्द बनवून, कोणी न विचारता मारलेल्या खोचक शेऱ्याला ते बहाल केले. एवढा अन्याय कोणत्याही भाषेने आपल्या टीकाकारावर केला नसेल.

‘भाष्य’ चालेल, पण त्यात विस्तार अभिप्रेत आहे. कलमाच्या शब्दांत नसलेली एखादी अट न्यायालयाने अर्थ लावताना जोडली, एवढ्यासाठी तो शब्द मोठा पडतो. माझ्या मते येथे संस्कृत परंपरेतला ‘वार्तिक’ हा शब्द अर्थाने सर्वांत जवळचा आहे. मूळ ग्रंथात जे सांगितले, जे सांगायचे राहिले आणि जे नीट सांगितले गेले नाही, त्या तिन्हींचा विचार करते ते वार्तिक, अशी त्याची व्याख्या आहे आणि पाणिनीच्या सूत्रांवर कात्यायनाने नेमके हेच केले. पण निकालपत्र पक्षकाराला कळले पाहिजे आणि त्याला कात्यायन ठाऊक असण्याचे कारण नाही. म्हणून व्यवहारात ‘न्यायालयाने लावलेला वाढीव अर्थ’ असे लिहावे आणि ‘ग्लॉस न घालता वाचावे’ याऐवजी ‘कलमाचे शब्द आहेत तसे वाचावेत, त्यांत भर घालू नये’ असे सरळ वाक्य करावे. एका शब्दाच्या जागी एकच शब्द आला पाहिजे, असा नियम कुठल्याही न्यायालयाने घातलेला नाही.

जाता जाता पहिल्या प्रश्नाच्या वाचिकेसाठी एक गोष्ट. तकाकी आणि टीप यांची सांगड इंग्रजीत अपघाताने पडली, पण प्रकाश आणि स्पष्टीकरण यांची सांगड संस्कृत पंडितांनी बुद्ध्याच घातली होती. ज्ञानेश्वरीचे दुसरे नाव ‘भावार्थदीपिका’. पतंजलीच्या महाभाष्यावर कैयटाचा ‘प्रदीप’ आणि त्या ‘प्रदीपा’वर नागेशभट्टाचा ‘उद्द्योत’. हा नागेशभट्ट काशीत राहणारा महाराष्ट्रीय, आडनाव काळे. वर आलेला ‘व्यवहारमयूख’ हा ‘भगवंतभास्कर’ या ग्रंथाच्या बारा भागांपैकी एक, म्हणजे सूर्याच्या बारा किरणांपैकी एक. तुमची कल्पना इंग्रजी शब्दाला लागू नाही, पण ती या मातीत रुजलेली आहे.

प्रश्न : घराला रंग देताना रंगाऱ्याने बजावले की बैठकीच्या भिंतीला ‘ग्लॉस’ रंग देऊ नका, भिंतीचे सगळे उंचसखलपण दिसेल. इंग्रजीत तर हाच शब्द दोष झाकण्यासाठी वापरतात. मग रंगारी चुकतो की इंग्रजी? — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : रंगारी अगदी बरोबर आहे. गुळगुळीत पृष्ठभागावर पडलेला प्रकाश ठरलेल्या एका दिशेने परततो, तर खडबडीत पृष्ठभागावरून तो चहूकडे विखुरतो. चकचकीत रंगात रंगद्रव्य आणि भरीची पूड कमी, राळेसारखा बांधणारा घटक जास्त असतो. तो ओला असताना आपोआप सपाट पसरतो आणि वाळल्यावर काचेसारखा पापुद्रा बनतो. मॅट, म्हणजे चमक नसलेल्या, रंगात उलट प्रमाण असते, कणांची टोके पापुद्र्याबाहेर डोकावतात आणि प्रकाश विखुरतात. त्यामुळे चकचकीत भिंतीवर पुट्टीचा एखादा फुगवटा राहिला असेल, तर त्या जागी खिडकीचे किंवा दिव्याचे प्रतिबिंब वाकडे होते आणि डोळा नेमका तिथेच जातो. मॅट भिंतीवर मुळात प्रतिबिंबच नसते, म्हणून वाकडेपणा लपतो. चकचकीत रंग दारे, खिडक्या, स्वयंपाकघर अशा ठिकाणी देतात, कारण त्यावरचे तेलकट डाग पुसता येतात.

ही तकाकी मोजताही येते. रंगाच्या कारखान्यात त्यासाठी ग्लॉसमीटर असतो. बहुतेक वेळा तो पृष्ठभागाला लंब असलेल्या रेषेशी ६० अंशांच्या कोनातून प्रकाश टाकतो आणि त्याच कोनातून परतलेला प्रकाश मोजतो. १·५६७ अपवर्तनांकाच्या (हा अंक काच प्रकाशाला किती वाकवते ते सांगतो) घासून गुळगुळीत केलेल्या काळ्या काचेला १०० एकके मानली आहेत. रंगाचे मोजमाप ७०च्या वर गेले तर २० अंशांच्या कोनातून आणि १०च्या खाली आले तर ८५ अंशांच्या कोनातून पुन्हा मोजतात, कारण अतिचकचकीत किंवा अतिमंद पृष्ठभागांतले बारीक फरक ६० अंशांत नीट कळत नाहीत. घासून लख्ख केलेला धातू १००च्या पुढे सहज जातो.

मग इंग्रजीने झाकण्याची कल्पना कुठून आणली? त्या वाक्प्रचारातली तकाकी भिंतीची नाही, बहुधा कापडाची आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या इंग्रजीत या शब्दाबरोबर नव्या कपड्याचे चित्र वारंवार येते. शेक्सपिअरचा मॅकबेथ राजाच्या खुनातून अंग काढून घेऊ पाहतो तेव्हा म्हणतो की, लोकांत मिळालेली नवी प्रतिष्ठा तिच्या ताज्या तकाकीसह मिरवायची असते. कापडाला खळ देऊन, दाबून किंवा मोगरीने कुटून ही तकाकी आणत. आपल्याकडे या कुटण्यालाच ‘कुंदी’ म्हणत आणि मग माणसाला बडवण्यालाही तो शब्द लागू झाला. अशी तकाकी विरळ विणीला दाट भासवते आणि पहिल्या धुण्यात निघून जाते. ठकवणारी चकाकी ती ही. सुती धाग्याला टिकाऊ तकाकी पुढे एकोणिसाव्या शतकात मिळाली. जॉन मर्सरने १८४४मध्ये सुतावर कॉस्टिक सोड्याचा परिणाम पाहिला आणि त्या प्रक्रियेत सूत ताणून धरले की ते चमकते हे १८९०च्या सुमारास होरेस लो याने दाखवले. दुकानदार ज्याला ‘मर्सराइज्ड’ म्हणतात ते हेच. ती तकाकी वरून चोपडलेली नसते, धाग्याचा आकारच बदललेला असतो, म्हणून ती धुऊन जात नाही.

प्रश्न : चकचकीत नियतकालिकांना ‘ग्लॉसी’ म्हणतात त्यात हेटाळणी आहे का? आणि ‘लिप ग्लॉस’ला मराठी शब्द सुचवाल का? — एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : थोडी हेटाळणी आहे. मूळ शब्द कागदाविषयी आहे. कागदावर चिनी माती किंवा कॅल्शियम कार्बोनेट यांचा लेप देऊन तो रुळांमधून दाबून काढला की त्यावर छायाचित्रे ठसठशीत उमटतात. आपले छापखानेवाले त्याला ‘आर्ट पेपर’ म्हणतात. असा कागद महाग, म्हणून त्यावर निघणारी नियतकालिके फॅशन, घरसजावट आणि श्रीमंत जाहिराती यांची. त्यांतला मजकूरही कागदासारखाच गुळगुळीत, असा टोमणा मग ओघाने आला. मराठीत ‘गुळगुळीत’ आणि ‘चकचकीत’ हे दोन्ही शब्द या टोमण्यासाठी आधीपासून राबत आहेत.

‘लिप ग्लॉस’ला शब्द सुचवणार नाही. जी वस्तू दुकानात मागायची तिला दुकानदाराला कळेल तेच नाव असावे.

प्रश्न : मी वैद्यकशाखेची विद्यार्थिनी आहे. ‘ग्लॉसायटिस’ या विकारात जीभ चकचकीत दिसते, म्हणून त्याला हे नाव पडले, असे वर्गात एकाने सांगितले. भूगर्भशास्त्र शिकणारा माझा भाऊ म्हणतो की ‘ग्लॉसॉप्टेरिस’ या जीवाश्मालाही त्याच्या चकचकीत पानांमुळे हे नाव मिळाले. हे खरे आहे का? — एक वाचिका, नागपूर

उत्तर : दोन्ही ठिकाणी तकाकीचा संबंध नाही, जिभेचा आहे. ‘ग्लॉसायटिस’ म्हणजे जिभेचा दाह; शेवटचा ‘आयटिस’ हा दाह दाखवणारा प्रत्यय तुम्हाला इतर अनेक रोगांच्या नावांत भेटला असेल. जीभ आणि घसा यांना जाणाऱ्या नवव्या मस्तिष्क चेतेच्या इंग्रजी नावातही हाच ‘ग्लॉसो’ आहे. तुमच्या सहाध्यायाच्या बाजूने एवढे मात्र म्हणता येईल की, ब-१२ जीवनसत्त्व किंवा लोह कमी पडून होणाऱ्या प्रकारात जिभेवरचे बारीक उंचवटे झिजतात आणि ती खरोखरच लाल, गुळगुळीत आणि चकचकीत दिसते. इंग्रजी पाठ्यपुस्तके तिचे वर्णन करताना तकाकीचाच ‘ग्लॉस’ वापरतात. एकाच वाक्यात दोन्ही घराण्यांचे शब्द शेजारी बसण्याचा हा प्रसंग विरळाच, पण त्यावरून नावाची व्युत्पत्ती ठरत नाही.

‘ग्लॉसॉप्टेरिस’ या नावात ग्रीक ‘ग्लोस्सा’च्या जोडीला नेचे या अर्थाचा ग्रीक शब्द आहे. फ्रेंच वनस्पतितज्ज्ञ अडोल्फ ब्राँन्यार याने १८२८मध्ये हे नाव दिले ते पानाच्या जिभेसारख्या आकारावरून. ती वनस्पती नेचे नव्हती, बी धारण करणारी होती, हे पुढे कळले. दगडात उमटलेल्या त्या पानाला जगण्याच्या काळी तकाकी होती की नव्हती, हे नाव देणाऱ्याला दिसणेही शक्य नव्हते.

तुमच्या भावाला हा दगड पाहायला फार लांब जावे लागणार नाही. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत आणि चंद्रपूरकडच्या कोळशाच्या पट्ट्यात या पानांचे ठसे सापडतात. नागपूर परिसरातून स्टीफन हिस्लॉप या मिशनऱ्याने गोळा केलेल्या वनस्पती-जीवाश्मांचे वर्णन १८६१मध्ये इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाले. नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय त्याच्याच नावाचे. हेच पान दक्षिण अमेरिका, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया आणि अंटार्क्टिका येथेही मिळाले, आणि हे सगळे भूभाग एके काळी एकत्र होते या मताला त्याने बळ दिले. त्या अखंड भूमीला ‘गोंडवन’ हे नाव मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरून मिळाले आहे.

एक साधी खूण सांगून ठेवतो. नाव शास्त्रीय असेल आणि त्याच्या आरंभी ‘ग्लॉसो’ किंवा शेवटी ‘ग्लॉसम’ असे रूप असेल, तर ते बहुतेक नेहमी जिभेचे असते. ‘पॉलिग्लॉट’ म्हणजे अनेक भाषा जाणणारा आणि गिळताना श्वासनलिकेवर झाकणासारखा पडणारा ‘एपिग्लॉटिस’ हेही जिभेच्याच घरचे आहेत, फक्त ते अथेन्सच्या बोलीतल्या ‘ग्लोट्टा’ या रूपावरून आले असल्याने त्यांत ‘स’च्या जागी ‘ट’ दिसतो. रंगाचा डबा, छायाचित्राचा कागद किंवा ओठांची डबी यांवर लिहिलेला ‘ग्लॉस’ मात्र नेहमी तकाकीचाच समजावा.